चोपन्नाव्या दिवशीची दाढी

एका माणसाला आयुष्यात शाली लागतात तरी किती? बोरमळीच्या शालिग्रामला आजवर एकवीस मिळाल्या होत्या आणि बाविसावी यायच्या बेतात होती. दरवर्षी फेब्रुवारीत इंद्रभान गुरुजींचा स्मृतिदिन येतो. शाळेच्या पटांगणात मांडव पडतो, बाबासाहेबांच्या आणि गुरुजींच्या फोटोंना हार घातले जातात, आणि मग कोणीतरी माईकवर घसा साफ करून म्हणतं, "ज्यांनी त्या दिवशी हिमतीनं वस्तरा उचलला, ते आपल्या गावचे शालिग्रामभाऊ!" टाळ्या होतात. त्र्याहत्तर वर्षांचा शालिग्राम गुडघ्यावर हात टेकून उठतो, मान खाली घालून शाल घेतो आणि तशीच खाली मान घेऊन जागेवर येतो. लोक म्हणतात, काय नम्र माणूस आहे! नम्र कसला डोंबलाचा. त्याला मान वर करायची सोय नव्हती, एवढंच.

गोजराबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, शालींचं काही कौतुक नाही. दोन शालींच्या तिनं गोधड्या शिवल्या, तीन लेकीसुनांना वाटल्या आणि एक एका थंडीत सरळ शेळीच्या अंगावर टाकली. "तिले बी मान भेटू द्या थोडा," म्हणाली. शालिग्राम हसला नाही. इतर कोणी असं बोललं असतं तर तो हसला असता.

आता हे इंद्रभान गुरुजी कोण, ते रिसोड तालुक्याच्या पलीकडं फारसं कोणाला ठाऊक नसेल. पुस्तकात त्यांचं नाव नाही, चौकात पुतळा नाही. शेजारच्या गावच्या शाळेत शिकवायचे, बोरमळीच्या बौद्धवाड्यात राहायचे, जुन्या सायकलवरून जायचे-यायचे. त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली, पण त्यांनी लावलेली एक सवय गावाला अजून चिकटलेली आहे. बोरमळीत कोणावर अन्याय झाला की आरडाओरडा होत नाही. माणसं जाऊन त्या दारात बसतात. रोज एक तास, जास्त नाही. "आमचं काम कवा होते?" एवढंच विचारायचं. "आज नाही" असं उत्तर आलं की "बरं, उद्या येतो" म्हणून उठायचं. शिवी द्यायची नाही, आवाज चढवायचा नाही आणि उद्या चुकायचं नाही. याला गावात बैठक म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात बाया पाण्याच्या टँकरसाठी पंचायतीच्या पायरीवर एकोणीस दिवस अशाच बसल्या, विसाव्या दिवशी टँकर हॉर्न वाजवत आला. एका सुनेनं तर मोबाईलसाठी सासऱ्यापुढं बैठक मारली. सासरा दुसऱ्याच दिवशी पाघळला, पण पोरगी तिसऱ्या दिवशीही बसली. म्हणे, पक्कं झालेलं बरं.

या सगळ्याची सुरुवात झाली ती शालिग्रामच्या केस-दाढीच्या दुकानापासून. एकोणीसशे एकोणऐंशी साली. म्हणून यंदा गुरुजींच्या नातीनं, योगिनीनं, ठरवलं की दुकानासमोर एक दगड बसवायचा. योगिनी वाशिमला कॉलेजात शिकवते. पोरगी हुशार, आजोबांसारखीच हळू बोलणारी. जानेवारीच्या शेवटी एका रविवारी ती मजकुराचा कागद घेऊन शालिग्रामच्या ओसरीवर आली.

"आबा, नीट वाचून घ्या," ती म्हणाली. "काही कमी-जास्त असंल तं आताच सांगा. पुढच्या सोमवारी रिसोडले कोराले देऊन राह्यली. एकदा दगडावर उठलं का मंग खोडता येत नाई."

शालिग्रामनं चष्मा लावला. कागदावर लिहिलं होतं की, याच जागी इंद्रभान गुरुजी आणि त्यांच्या चार साथीदारांनी चोपन्न दिवस शांततेनं बैठक केली, आणि चोपन्नाव्या दिवशी शालिग्राम यांनी स्वतःच्या हातानं गुरुजींची दाढी करून गावातला भेद मोडला. त्यानं ते तीनदा वाचलं. तेवढ्यात गोजराबाई चहा घेऊन आली.

"काय लिहिलं वं बाई?"

योगिनीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. 'स्वतःच्या हातानं' या शब्दांशी गोजराबाईनं नवऱ्याकडं एकदा पाहिलं. फक्त एकदा. मग ती म्हणाली, "चांगलं लिहिलं," आणि कप ठेवून आत गेली.

शालिग्रामनं बोलायला तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं सगळं घशाशी आलं होतं, आणि बाहेर काय पडावं? "चहात साखर जास्त झाली." योगिनी हसली, कागद ठेवून गेली.

कारण खरी गोष्ट अशी होती की ती दाढी शालिग्रामनं केलीच नव्हती.

त्या काळी बोरमळीच्या स्टँडवर त्याची पत्र्याची टपरी होती. एक लाकडी खुर्ची, एक आरसा, बाहेर पोत्याची बसायची जागा. जागा उदयसिंग पाटलाची आणि वर्षाचं धान्यही शेतकऱ्यांच्या खळ्यावरून मिळायचं, त्यात पाटलाचं खळं सगळ्यात मोठं. गावाची सगळी डोकी तो करायचा, बौद्धवाड्यातली सोडून. का, असं त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही स्वतःला विचारलं नव्हतं. तिथली माणसं केस कापायला रिसोडला जात. शालिग्राम उन्हाळ्याच्या तोंडी पाटलाच्या म्हशी भादरायचा, पण या माणसांच्या डोक्याला हात लावत नव्हता. असा तो न्याय!

संक्रांत झाली आणि एका सकाळी सात वाजता गुरुजी चार जणांना घेऊन आले. चपला बाहेर काढल्या आणि रांगेत शेवटी बसले. त्यांचा नंबर आला तेव्हा शालिग्रामनं त्यांच्या मागच्या माणसाला बोलावलं.

"माहा नंबर कवा येते, शालिग्रामभाऊ?" गुरुजींनी विचारलं.

"आज नाई."

"बरं. उद्या येतो."

झालं. उद्या आले, परवा आले. आठाच्या ठोक्याला उठून जायचे, कारण गुरुजींचा नियम होता की शालिग्रामच्या धंद्याचं नुकसान होता कामा नये. त्यांच्यातला जगदेव तेव्हा पंचविशीतला, डोक्यानं गरम. तो एकदा पुटपुटला, "म्हशी चालते याले, आमी नाई चालत." गुरुजींनी त्याला तिथंच सगळ्यांसमोर शालिग्रामची माफी मागायला लावली. शालिग्रामला ती माफी फार लागली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. रिसोडला जाऊन दाढी करायची नाही असंही त्यांनी ठरवलं होतं, त्यामुळे पाचही जणांच्या दाढ्या वाढत गेल्या. स्टँडवरची टवाळ पोरं त्यांना साधुबुवा म्हणायला लागली. कोणीतरी एकदा दगड मारला, गुरुजींच्या कपाळातून रक्त आलं. त्यांनी रुमाल लावला आणि आठ वाजेपर्यंत बसून राहिले.

चाळिसाव्या दिवशी गारपीट झाली. टपरीचा पत्रा एका बाजूनं उचकटला, आणि तो धरायला कोण धावलं? हेच पाच जण. डोक्यावर गारा खात त्यांनी अर्धा तास पत्रा धरून ठेवला, आत शालिग्राम आणि पाटलाचा भाऊ कोरडे बसले होते. पाऊस थांबल्यावर गुरुजींनी विचारलं, "माहा नंबर कवा येते?" शालिग्राम "आज नाई" म्हणाला खरा, पण गुरुजींकडं न बघता.

त्या आठवड्यात पाटलानं त्याला बोलावून सांगितलं, "त्यांच्या डोक्याले हात लावला तं माह्या खळ्यावर पाय ठेवू नको." शालिग्राम मान हलवून आला. घरी एक लेक, दुसरं पोटात. करणार काय?

मग चोपन्नावा दिवस उजाडला. त्या दिवशी शेजारच्या गावात शंकरपट होता. बैलांच्या शर्यतीला सगळी बोरमळी पहाटेच गाड्या जुंपून गेली. स्टँड ओस पडला. सात वाजता गुरुजी आणि चौघं आले, आणि शालिग्रामच्या ध्यानात आलं की आज दुसरं गिऱ्हाईकच नाही. रोज तो मागच्या माणसाला बोलवायचा. आज बोलवायचं कोणाला? खुर्ची रिकामी, समोर पाच माणसं, आणि पहिला नंबर गुरुजींचा. चोपन्न दिवसांत पहिल्यांदाच नाही म्हणायला त्याच्याकडं निमित्त नव्हतं.

मग त्या शूर पुरुषानं काय केलं? पोटाला हात लावला, "आलोच" म्हणाला, टमरेल उचललं आणि नाल्याकडं जो सुटला तो सुटलाच.

गोजराबाई त्याची भाकर घेऊन आली तेव्हा टपरीत नवरा नव्हता. पाच दाढीवाले मुकाट बसले होते.

"कुठी गेले हे?"

"नाल्याकडे गेले वयनी. बराच वेळ झाला," गुरुजी म्हणाले.

गोजराबाई चोवीस वर्षांची होती. नवऱ्याला ती पुरती ओळखून होती. तिनं भाकर खुंटीला टांगली. माहेरी बाप दोन वर्षं लकव्यानं पडून होता, त्याची दाढी तीच करायची, वस्तरा तिच्या हातात बसलेला होता. पण बाप वेगळा आणि परका पुरुष वेगळा. तिनं ओस पडलेल्या स्टँडवर एकदा नजर टाकली. मग म्हणाली, "गुरुजी, किती दिवस झाले तुमच्या नंबराले?"

"आज चोपन्न."

"मंग बसा खुर्चीवर. माह्याच्यानं नाई पाह्यलं जात."

तिनं पाण्याचा हात फिरवला, साबण लावला, वस्तरा पट्ट्यावर घासला आणि दाढी केली. हनुवटीला बारीक चीर गेली. तिनं तुरटी फिरवली. गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "लागलं का?" तिनं विचारलं. "नाई वयनी," गुरुजी म्हणाले. चौघं उभे राहिले होते.

नाल्यापलीकडच्या झुडपाआड टमरेल घेऊन बसलेल्या शालिग्रामला शोधत गुरुजी स्वतः आले. गुळगुळीत गाल बघून शालिग्रामला काय झालं ते कळलं आणि तो रडायलाच लागला. गुरुजी त्याच्या शेजारी मातीत बसले.

"वयनीनं केली," ते म्हणाले. "पण मी गावाले हे सांगणार नाई. बाईनं परक्या माणसाची दाढी केली म्हणून लोकं तिचं जगणं मुश्किल करतीन. तुमच्या खुर्चीवर झाली, एवढंच सांगतो. लोकं तुमचं नाव घेतीन. घेऊ द्या."

"पण मी तं पळून आलो, गुरुजी."

"आज आले. उद्यापासून त्या नावाले पुरे पडा, म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी पाटलानं खळ्यावर सगळ्यांसमोर विचारलं, "तू केली का?" शालिग्राम एका शब्दात सुटला असता. मी नव्हतोच, म्हटलं की झालं. पण मग गोजराचं नाव आलं असतं. त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "हौ. मीच केली." दोन थोबाडीत बसल्या, टपरी काही वर्षं स्टँडवरून हलवावी लागली, वर्षाचं धान्य बंद झालं. बौद्धवाड्यातल्या घरांनी आपल्या मजुरीच्या ज्वारीतून पायली-पायली आणून दिली, तेव्हा चूल पेटली. आणि त्या दिवसापासून शालिग्रामच्या दुकानात जो येईल त्याचा नंबर लागायला लागला. पुढं पाटील स्वतः येऊन रांगेत बसला, जगदेवच्या मागे. शालिग्राम त्या नावाला खरंच पुरा पडला. आज त्याचा मुलगा विकास स्टँडवरच्या त्याच जुन्या जागी दुकान चालवतो, एसी लावलाय, पण सरपंच आला तरी त्यालाही थांबावं लागतं.

मग अडत होतं कुठं? अडत होतं ते गोजराबाईपाशी. बायकोचं नाव खराब होईल म्हणून लपवलं, ठीक. पण तो जमाना कधीच सरला. आता शहरात मुली सलून चालवतात, कोणाला काही वाटत नाही. गुरुजी गेल्यावर शाली सुरू झाल्या, तेव्हाच सांगायला हवं होतं. पहिल्या शालीला त्यानं विचार केला, पुढच्या साली सांगू. पुढच्या साली वाटलं, आता सांगितलं तर लोक म्हणतील गेल्या साली काहून घेतली? आणि अशी दरसाल गाठ घट्ट होत गेली. त्यात मागच्या दिवाळीत गोजराबाईला धाप लागली, वाशिमच्या डॉक्टरनं सांगितलं की हृदय फार थकलंय, जपा. तिच्या जिवंतपणी हे बोललं गेलं नाही तर मग तो ते बोलणार कोणासमोर? दगड तर तिच्यामागंही तिथंच राहणार, खोट्याचा खोटा.

मजकूर कोरायला गेल्यावर मंगळवारी सकाळी तो कोणाला न सांगता जीपमध्ये बसून रिसोडला गेला. दगड कोरणाऱ्याच्या कारखान्यात नुसती धूळ आणि मशीनचा घरघराट. शालिग्राम ओरडून म्हणाला, "बोरमळीचा दगड हाय नं? त्याच्यात माह्या बायकोचं नाव पायजे!"

"हौ बाबा, समजलं!" कारागीर तोंडावरचा फडका न काढताच ओरडला. "टाकतो. सगळेच सांगतात."

"तसं नाई गा. नाव तिचंच पायजे—"

"टाकतो म्हटलं ना! योगिनीताईले विचाराची बी गरज नाई, हे आमचं रोजचंच हाय." आणि त्यानं पुन्हा मशीन लावली.

शालिग्राम उभा राहिला. हाताला धरून, मशीन बंद करायला लावून, बसवून सगळं सांगता आलं असतं. त्यानं सांगितलं नाही. जीपमध्ये बसल्यावर तो स्वतःला समजावत आला की झालं काम, समजलं त्याला. मनुष्य स्वतःला किती पटकन समजावतो बघा!

स्मृतिदिनाला मांडव यंदा दुकानासमोरच पडला. गाव लोटलं होतं. बायांच्या घोळक्यात गोजराबाई खुर्चीवर बसली होती, चालत आली तरी तिला दम लागला होता. योगिनीनं कापड ओढलं आणि दगडावरची अक्षरं मोठ्यानं वाचायला लागली. "चोपन्नाव्या दिवशी श्री. शालिग्राम व सौ. गोजराबाई यांनी स्वतःच्या हातानं..." ती अडखळली, मग हसून शालिग्रामकडं बघितलं.

घ्या! देवळाच्या पायरीवर देणगीदारांची नावं कोरतात तसंच त्या भल्या माणसानं जोडप्याचं नाव टाकून दिलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी मागून म्हणालं, "पाहा, बायकोले बी मान देते. याले म्हणतात माणूस!" शालिग्रामला वाटलं, जमीन फाटली तर बरं. आपण एवढं करायला गेलो आणि झालो काय, तर आणखी मोठे!

बाविसावी शाल आली. योगिनी ती उलगडून पुढं झाली. शालिग्रामनं तिचा हात धरला आणि म्हणाला, "थांब बाई. माईक दे मले."

माईक हातात घेतल्यावर त्याला पहिलं वाक्यच सुचेना. शेवटी तो म्हणाला, "त्या दिवशी मी दुकानात नव्हतो."

कोणाला काही कळलं नाही.

"शंकरपट होता. स्टँडवर कोणीच नव्हतं. नाई म्हणाले निमित्त नाई भेटलं, म्हणून मी टमरेल घेऊन पळून गेलो. नाल्यात लपून बसलो होतो. दाढी केली ते हिनं." त्यानं बोट दाखवलं. "गोजरानं. चोवीस वर्साची होती. मी भेलो, ते नाई भेली. गुरुजीनं तिचं नाव राखाले माहं नाव होऊ दिलं. मी मार खाल्ला, हे खरं हाय. पण वस्तरा मी नाई उचलला. एकवीस शाली मी फुकट घेतल्या."

"बसा ना वो खाली!" गोजराबाई ओरडली आणि तिनं पदर तोंडावर ओढला. सगळ्या बाया तिच्याकडं वळून बघत होत्या. एका म्हातारीनं तिचा हात हातात घेतला. विकास दुकानाच्या दारात उभा होता, आईकडं बघत होता, जणू तिला आजच पाहतोय.

तेव्हा मधल्या रांगेतून जगदेव काठी टेकत उठला. त्या पाचांतला आता तो एकटाच उरला होता, सत्तरीच्या पुढचा, दात नसलेला. हळूहळू चालत तो शालिग्रामपाशी आला.

"मले ठाऊक हाय," तो म्हणाला. "मी तं तिथंच होतो. पण गुरुजीनं आमा चौघाले त्याच दिवशी सांगितलं होतं, शालिग्रामभाऊ सोताच्या तोंडानं सांगतीन तवाच तुमी बोला. तोवर दम धरा, त्यायले कमी लेखू नका. तिघं दम धरूनच गेले बापा. मी दरसाल या मांडवात येऊन बसतो. आज सांगते काय, आज सांगते काय." तो हसला. "पंचेचाळीस साल झाले, शालिग्रामभाऊ. सगळ्यात लंबी बैठक तुमची झाली."

शालिग्रामनं माईक खाली ठेवला आणि जगदेवच्या गळ्यात पडून पोरासारखा रडला. पंचेचाळीस वर्षं ही माणसं त्याच्या दारात बसली होती आणि त्याला पत्ताही नव्हता. रोज गालाला साबण लावून घेताना यांना सगळं माहीत होतं, आणि एकानंही कधी चेहऱ्यावर दिसू दिलं नव्हतं.

योगिनीनं डोळे पुसले आणि शाल गोजराबाईच्या खांद्यावर टाकली. नवा दगड आणायचं तिथल्या तिथं ठरलं. लोक गोजराबाईभोवती जमले, पोरी सेल्फी काढायला लागल्या. तिला ते सोसेना. "मले घरी घेऊन चाला," ती शालिग्रामला म्हणाली.

दोघं हळूहळू घरी आली. दुपारचं ऊन ओसरीवर आलं होतं. ती बसली, शाल घडी करून बाजूला ठेवली आणि तोंड अंगणाकडं फिरवलं.

"रागावली का वं?"

"मले वाटे, तुमी विसरले," ती म्हणाली.

"काय विसरलो?"

"तेच. गावाले नाई सांगितलं त्याचं मले काही नाई. गुरुजीनं बी तेच म्हटलं होतं. पण तुमी कधी मले बी म्हटलं नाई. शाल घेऊन घरी येत, पेटीत ठेवत, अन् जेवाले बसत. या घरात, दार लावून बी, एक बार म्हटलं नाई का गोजरा, ते तुनं केलं होतं. मले वाटे, ऐकू ऐकू याले आता खरंच वाटाले लागलं का यानंच केलं. मले तं कधी कधी असंबी वाटे का मीच सपन पाह्यलं."

शालिग्राम तिच्यासमोर जमिनीवर बसला. एवढी वर्षं तो गावाला घाबरत आला होता. वाट बघणारी ही त्याच्याच घरात होती, रोज त्याला भाकर वाढत होती, हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"रोज आठवे," तो म्हणाला. "एक दिवस असा गेला नाई."

"मंग काहून नाई बोलले?"

"लाज वाटे वं. तुह्यासमोर सगळ्यात जास्त वाटे."

तिचे डोळे भरून आले होते.

"विसरले नव्हते नं?"

"नाई."

"मंग म्हणा. तिथं माईकवर म्हटलं ते गावाले म्हटलं. मले म्हणा."

त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले. "गोजरा," तो म्हणाला, "ते तुनं केलं होतं."

"हौ," गोजराबाई म्हणाली. "मीच केलं होतं."